जुलैतली होडी

ओरोसच्या कॉम्प्युटर कोर्सला आमच्या सरांची एक पद्धत होती. प्रोग्राम लिहून झाला की तो आधी जोडीदाराने वाचायचा, चुका कागदावर लिहायच्या, खाली सही करायची. मगच सर बघणार. दुसऱ्याचं वाचलं की शिकायला होतं म्हणे. मी मात्र जळायलाच शिकले.

माझी जोडीदारीण तोंडवलीची. तिच्या वडिलांची पर्यटकांना फिरवायची होडी. मी मसुऱ्याहून बस बदलत यायची, घाम गाळून तीस ओळी लिहायची, आणि तेच काम ही बया दहा ओळींत उरकायची. सर तिचा कोड पडद्यावर लावत. कौतुक तिचं व्हायचं आणि पोटात दुखायचं माझं.

शेवटच्या प्रोजेक्टला तर सगळंच पणाला लागलं होतं. ज्याचं काम सगळ्यात चांगलं, त्याची सर एका ऑफिसात नोकरीसाठी शिफारस करणार होते. मला ती नोकरी हवीच होती.

तिने होडीच्या बुकिंगचा प्रोग्राम केला होता. खोट काढायचीच म्हणून मी तिचा कोड तीनदा वाचला, आणि तिसऱ्यांदा सापडली. तारीख कुठलीही चालत होती. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. तिच्या घरात जुलैत होडी कोण मागणार? इतकी रोजची गोष्ट, की लिहायचीच राहून गेली.

मी कागदावर लिहिलं, 'चूक नाही.' खाली सही ठोकली.

माझ्या प्रोग्रामवर तिने पानभर लिहिलं होतं, एकेक चूक दुरुस्तीसकट. मी सगळ्या गुपचूप सुधारल्या.

सादरीकरणाला सरांनी सहज जुलैतली तारीख टाकली. पडद्यावर आलं, 'सहा जणांचे बुकिंग झाले.'

"बुडवतंस काय गो सगळ्यांका?" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग खदाखदा हसला. ती खाली मान घालून उभी राहिली. शिफारस मला मिळाली.

संध्याकाळी बसस्टॉपवर ती माझ्याजवळ आली. आता जाब विचारणार म्हणून मी उत्तर जुळवायला लागले.

"तू वायट वाटान घेव नको," ती म्हणाली. "तू माझ्यापरास बारीक बघतंस. तुका चूक दिसूक नाय, मगे माका खंय दिसतली? तुझी सही बघलंय, म्हणान मी परत वाचूकच नाय."

माझी बस आली. मी खिडकीशी बसले. नोकरी माझ्या हातात होती, आणि तरीही मला तिचाच हेवा वाटत होता.