नाळी बरताळ

नोकरीत मी शेकडो बाळंतपणं केली. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एकच, आणि त्यात बाळंतीणही नव्हती, बाळही नव्हतं! आता विषय निघालाच आहे, तर माझ्याच तोंडून ऐका. दुसऱ्यांकडून ऐकाल तर ते जास्तीचं तिखटमीठ लावतील.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, त्यानंतर दोन-चार वर्षांनी मी गुलबर्ग्याला आरोग्य सेविकेच्या कोर्सला गेले. मी सीमेवरच्या मुडबी गावची. घरात मराठी, शाळाही मराठी. कन्नड म्हटलं तर बसची पाटी वाचायचीसुद्धा पंचाईत.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "कन्नड येतंय?"

"व्हय साहेब, बराबर येतंय!"

दुसरं काय सांगणार होते? आमच्या बौद्ध वस्तीतून अशा कोर्सला निघालेली मी पहिली मुलगी. निरोप द्यायला अर्धी वस्ती बसपर्यंत आली होती. आणि परत गेले असते, तर काकांनी शोधून ठेवलेला नवरा तयारच होता. मला तो नको होता. मला नर्सची पांढरी साडी हवी होती, आणि फार हवी होती.

आम्हाला शिकवायला गंगम्मा सिस्टर होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "खेड्यात कन्नडात बोलायचं. जिला जमत न्हाई, ती तीन महिन्यानं घरी."

मी वीस शब्द घोकले. नीर म्हणजे पाणी, सोसी म्हणजे सून, एल्ली म्हणजे कुठे, बरताळ म्हणजे ती येते. एवढ्या भांडवलावर मी तीन महिने काढत आणले. जिथे शब्द संपत, तिथे मान डोलवायची. मान काय, सगळ्या भाषांत डोलते!

त्या आठवड्यात वर्गात नाळेचा धडा झाला होता. सिस्टर टेबलावर हात आपटून म्हणाल्या होत्या, "बाळाच्या आधी नाळ बाहेर आली, तर बाळ जातंय! विचारत बसू नका, बघत बसू नका. आधी खाटंचं पायथं वर करा, मग मला बोलवा!"

मी हे झोपेतही पुटपुटत होते.

आणि दोन दिवसांनी आम्ही निंबर्ग्याला घरभेटींना गेलो. सिस्टर शाळेत लेकरांची वजनं करत थांबल्या, आम्हाला एकेक गल्ली वाटून दिली. माझ्या यादीत शांतव्वा नावाच्या बाईंचं घर होतं. त्यांच्या सुनेला नववा महिना लागलेला. शांतव्वा दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"सोसी एल्ली?" मी रुबाबात विचारलं.

"नाळी बरताळ," त्या म्हणाल्या.

नाळ येतेय! नाळ स्त्रीलिंगी, बरताळही स्त्रीलिंगी. व्याकरणसुद्धा माझ्याच बाजूने!

"ईग?" मी किंचाळले. ईग म्हणजे आत्ता.

शांतव्वांनी हात उडवला. "ईग इल्ल. नाळी!"

इल्ल म्हणजे नाही, हे मला येत होतं. 'आता काही खरं नाही, नाळ!' असा अर्थ लावून मी आत घुसले.

बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांपुढे अंधार. खाटेवर डोक्यापासून पायापर्यंत लुगडं पांघरून कुणीतरी पडलेलं, आणि लुगड्याखाली पोट हे एवढं! वर-खाली होत होतं. आणखी काय पुरावा पाहिजे? विचारायचं नाही, बघायचं नाही. मी तर शिकवल्याबरहुकूम वागत होते ना!

घाबरून माझं वीस शब्दांचं कन्नड कुठल्या कुठे पळालं. मी सरळ मराठीत ओरडले, "उचला! पायाकडनं उचला!"

मागून आलेल्या शांतव्वांनी पटकन उचललं. मी कोपऱ्यात पडलेले शहाबादी फरशीचे तुकडे एकावर एक रचून खाटेच्या पायांखाली सरकवले. म्हातारीला मराठी कसं काय कळलं, हा प्रश्न तेव्हा तरी पडावा की नाही? नाही पडला.

"अक्का, जोर करू नको! अजिबात जोर करू नको!"

लुगड्याखालून "हूं" असा आवाज आला.

"सिस्टरला बोलवा! गाडी जुंपा!" मी दारात येऊन बोंब मारली. शेजारीण शाळेकडे धावली. कुणी बैल आणले, कुणी गाडीत कडबा अंथरला. वर गेलेले ते पाय बघून शांतव्वांनी गळा काढला. मग तीन शेजारणींनीही काढला, कशासाठी ते न विचारता.

गंगम्मा सिस्टर धापा टाकत आल्या आणि त्यांनी लुगडं ओढलं.

खाली मिशा!

ते शांतव्वांचे मालक, मल्लप्पा. दुपारचं जेवून, माश्या नकोत म्हणून बायकोचं लुगडं ओढून झोपलेले. नर्सबाई एवढी ओरडतेय म्हणजे मालकच चालले, असं समजून शांतव्वांनी गळा काढला होता. रक्त डोक्यात उतरून तोंड लालबुंद झालेलं. "एनात?" म्हणजे काय झालं, एवढंच ते म्हणाले. मग त्यांना आढ्याकडे गेलेले स्वतःचे पाय दिसले आणि त्यांनी लुगडं पुन्हा तोंडावर ओढून घेतलं.

"सुमन, नाळ म्हून कुणी सांगितलं तुला?"

"ह्यांनीच. नाळी बरताळ म्हणाल्या."

सिस्टरनी कपाळावर हात मारला. "अगं, नाळी म्हंजे उद्या! सून माहेरी हाय, उद्या येती म्हणायलीय ती!"

रडणाऱ्या बायका आता पदर तोंडात धरून हसत होत्या. सिस्टर हसल्या नाहीत. "कन्नड येतंय म्हणलीस न्हवं?"

माझ्या डोळ्यांपुढे काकांचा तो नवरा मुंडावळ्या बांधून उभा राहिला. मला रडू फुटलं. "येत न्हाई, सिस्टर," मी म्हटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा खरं बोलले.

सिस्टरनी खाटेखालची फरशी हलवून पाहिली. पक्की होती.

"पायथं तरी बराबर वर केलीस," त्या म्हणाल्या. "अजून एक महिना देते. दर भेटीला हितं ह्यांच्यापाशी बसून कन्नड शिकायचं. जा, इचार त्यांना."

मी डोळे पुसले, शांतव्वांपुढे हात जोडले आणि उरलेसुरले शब्द गोळा केले. "अव्वा... कन्नड... नन्ग... कन्नड..." नन्ग म्हणजे मला; पुढचा शब्द सापडेना.

शांतव्वांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"अगं, मराठीत बोल की! माझं माहेर उदगीरचं. तू आल्या आल्या कन्नड काढलीस. म्या म्हणलं, बिचारीला मराठी येत न्हाई!"