सुती पुरचुंडी

चेहरा घासायच्या क्रीममध्ये बारीक खरखरीत मणी असतात ना, ते मी बनवतो. वाडीला गोदामांच्या मागे माझी शेड आहे. प्लास्टिकचे मणी नालीतून वाहत नदीत जातात, ते नकोत म्हणून मी तांदळाच्या कोंड्याचं मेण वितळवून गार हवेत फवारतो. नुसतं मेण मातीत कुजून जिरतं, असं म्हणतात. पण आपल्याकडच्या उन्हात मणी एकमेकांना चिकटू लागले, म्हणून मी त्यात कडकपणासाठी एक पूड घातली. ती जिरते का, हे मला ठाऊक नव्हतं. तरी क्रीमवाल्या गिऱ्हाइकाला "हो, जिरतात" असं सांगून बसलो. तो डब्यांवर तेच छापणार होता.

मग मन खाऊ लागलं. चमचाभर मणी बायकोच्या जुन्या साडीच्या सुती तुकड्यात बांधून मी हुडकेश्वरच्या घरी, गच्चीवरच्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरले. पावसाळा सरल्यावर उकरायला बसलो, तर बायको मागे येऊन उभी राहिली.

"काहून जी, माझ्या मोगऱ्याची मुळं तोडून राहिले?"

"मणी पाहून राहिलो वं."

पुरचुंडीच नव्हती. दोन-चार काळे धागे तेवढे हाताला लागले. माती बादलीत कालवली. मेण असतं तर वर तरंगलं असतं. काहीच तरंगलं नाही.

"जिरले!" मी ओरडलो.

"मोठे आले शास्त्रज्ञ! फडकंच आधी सडलं असन. पाऊस आला का कुंडीतली माती गच्चीभर होते. तुमचे मणीही नालीत गेले असतीन."

मी बादलीकडे बघत राहिलो. ते जिरले असतील, नाहीतर ज्या नालीच्या भीतीने एवढं केलं तिथेच मी ते सोडले असतील. दोन्ही तितकंच खरं वाटत होतं.

तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. "छापू ना भाऊ?"

"थांबा. मला माहीत नाही."

"अहो, तुम्हीच बनवता न?"

"हो, मीच बनवतो."

त्याने फोन ठेवला.

शेडमधल्या चाळणीची बारीक नायलॉनची जाळी कापून आणली. "हे काही सडत नाही," बायको म्हणाली. त्यात नवे मणी बांधून पुन्हा पुरले. गिऱ्हाइकाने अजून काही कळवलेलं नाही. पाणी घालताना ती अधूनमधून विचारते, "काढून पाहू का?" मी नको म्हणतो. का नको म्हणतो, ते मलाच नीट सांगता येत नाही.