गाळणीचं पाणी

भिंगाखाली गंगेचं पाणी पाहिलं, त्या दिवसापासून मी तीर्थ प्यायलेलो नाही. तळहातावर घेतो, ओठांपर्यंत नेल्यासारखं करतो आणि डोक्यावरून हात फिरवतो. घरच्यांना वाटतं, म्हातारा भाविक आहे. भाविक कसला, मला शिसारी येते! गोदावरीला आम्ही नाशिककर गंगा म्हणतो, आणि एकदा गंगा म्हटलं की तिच्यात काय तरंगतंय ते बघायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मी ते बघितलं तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक किडकिडीत, तापट मास्तर होते. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी वीस पोरांचा तीन आठवड्यांचा वर्ग काढला. पुस्तक आणायचं नाही, वही आणायची नाही. हातांनी करायचं आणि डोळ्यांनी बघायचं. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी सात ते अकरा आमची ठोकाठोक चालायची. खोक्याचा कॅमेरा झाला, पाणचक्की झाली, विजेची घंटाही झाली. ती शेवटपर्यंत वाजली नाही, पण तिच्यामागे आम्ही आठवडाभर वेडे झालो होतो.

पहिल्या दिवशी शाळेच्या मंडळाचे चिटणीस भाषणाला आले. हे सगळं विज्ञान आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं, असं त्यांनी अर्धा तास सांगितलं. बोलताना पानाचा लाल रस हनुवटीवर उतरायचा आणि ते तो उपरण्याच्या टोकाने टिपायचे. मी पहिल्या रांगेत होतो. शिंतोडे माझ्या सदऱ्यावर आले.

माझा जोडीदार कल्हईवाल्याचा मुलगा होता. उर्दू शाळेत चार इयत्ता करून तो बापाच्या भट्टीचा भाता ओढायला लागला होता. गळक्या बादलीला डाग देताना मास्तरांनी त्याला रस्त्यात पाहिलं आणि बापाकडून तीन आठवडे मागून घेतलं. आमच्यापैकी एकालाही डाग देता येत नव्हता, त्याला डोळे मिटून यायचा. त्याने नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठायचा, आम्ही खोकत बाहेर पळायचो आणि हा पठ्ठ्या तिथेच बसून आम्हाला हसायचा.

बाप त्याला सोडायला आला, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. उंच, वाकलेला माणूस, बोटांची टोकं काळी पडलेली.

"मास्तर, शिकवा तुमी," तो म्हणाला. "पन एक सांगा. ही मंडळी ह्याच्या हातचं पानी पितील का? पीत असतील तर जूनपास्नं ह्याला तुमच्या शाळेत घालतो. नाय तर शिकून काय करायचं? भाता हायच की."

मास्तरांना राग यायला एवढं पुरे होतं. "पितील! अहो, मोठे पाहुणे पितील, सगळ्यांदेखत. शेवटच्या दिवशी स्वतः बघायला या," ते म्हणाले.

आणि तिथल्या तिथे त्यांनी आम्हा दोघांना काम दिलं: पाणी गाळायची गाळणी करा.

तिवईवर एकाखाली एक तीन मडकी. वरच्यात खडे आणि वाळू, मधल्यात कोळसा, खालचं रिकामं. ऐकायला सोपं वाटतं. पहिले तीन दिवस खाली नुसतं काळं पाणी येत होतं. मी कंटाळलो. तो मात्र रोज बापाच्या भट्टीतला नवा कोळसा आणायचा, कुटायचा, सात-सात पाण्यांनी धुवायचा. चौथ्या दिवशी पाणी राखाडी आलं, सहाव्या दिवशी नितळ. त्याने पेला उन्हात धरला आणि मला म्हणाला, "बघ, पलीकडची तुझी बोटं दिसत्यात."

त्याच दिवशी मास्तरांनी काचेवर घाटावरच्या पाण्याचा थेंब ठेवला आणि वर भिंग धरलं. थेंबात वळवळत होतं. पाय असलेलं, शेपटी असलेलं, पांढुरकं, एकमेकांना ढुसण्या देणारं. त्या सकाळी तीर्थ घ्यायला आजीबाईंच्या रांगेत उभं राहून मी तेच पाणी ओंजळभर प्यायलो होतो. मी शेडच्या मागे गेलो आणि ओकलो. मग मास्तरांनी आमच्या गाळणीतला थेंब ठेवला. त्यात काहीच हलत नव्हतं.

दुपारी घरी जाताना मी त्याला विचारलं, तुझे पाय इतके खरखरीत कसे? तो म्हणाला, "भांडी घासून." मला खरं वाटेना. तेव्हा त्याने भर रस्त्यात करून दाखवलं. कल्हई लावायच्या आधी मोठं भांडं आतून घासावं लागतं. ते हाताने होत नाही. भांड्यात वाळू आणि विटकरीचा चुरा टाकायचा, अनवाणी आत उभं राहायचं, भिंतीला धरायचं आणि कंबर इकडून तिकडे फिरवत पायांनी घासायचं. "चिटनिसांचं पातेलं कालच केलं," तो म्हणाला. "लय मोठं हाय. मी आत मांडी घालून बसेन."

शेवटच्या दिवशी शेडला तोरण लागलं. पाहुणे म्हणून एक निवृत्त इंजिनिअर येणार होते. चिटणीस तासभर आधीच आले, सगळ्या वस्तूंवरून फिरले आणि गाळणीपाशी थांबले. ही कुणी भरली, असं त्यांनी विचारलं. मास्तरांनी माझ्या जोडीदाराचं नाव सांगितलं; तो तेव्हा बापाला आणायला गेला होता.

"मास्तर, शुद्धीवर आहात ना? पाहुण्यांना त्या पोराच्या हातचं पाजता? उद्या गावात तोंड कुठे दाखवू मी?"

"पाणी शुद्ध आहे, साहेब. भिंगातून बघा हवं तर."

"भिंग राहू द्या तुमच्यापाशी. पुढच्या वर्षी वर्ग हवाय ना?"

मास्तरांचा तो प्रसिद्ध राग आता येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. तो आला नाही. ते स्टुलावर बसले, चष्मा पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब सांगतात तसं कर."

पाहुण्यांना कुणी विचारलंच नाही. त्या माणसाने आयुष्यभर धरणं आणि पूल बांधले होते. कदाचित तो आनंदाने प्यायला असता. ते मला आता कधीच कळणार नाही, आणि चिटणिसांचा सगळ्यात जास्त राग मला याचाच येतो.

चिटणिसांच्या घरून पातेलं आलं. सोवळ्यात आणलेलं गंगेचं पाणी, तुरटी फिरवून निवळलेलं, वर ओलं फडकं. ते पडद्यामागे ठेवलं आणि पाहुण्यांचा पेला त्यातून भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी जोडीदार होतो आणि माझी जात बरोबर होती. मी फडकं उचललं. आतून पातेलं चांदीसारखं लखलखत होतं. एवढं मोठं पातेलं कुणी आणि कसं घासलं होतं, ते मला ठाऊक होतं. त्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, आणि हे पाणी त्याने पायांनी घासलेल्या जागी रात्रभर मुरलं होतं.

मी एक थेंब काचेवर घेऊन भिंगाखाली पाहिला. तुरटीने गाळ खाली बसला होता, पण ते पांढुरके जीव मजेत पोहत होते. तरीही मी पेला भरला. कुणी माझा हात धरला नव्हता. पेला काठोकाठ भरून, बाहेरून पुसून मी तो तबकात ठेवला.

कल्हईवाला सगळ्यात मागे उभा होता. धुतलेला सदरा, डोक्यावर स्वच्छ टोपी, एक हात मुलाच्या खांद्यावर. पाहुण्यांनी पेला उजेडात धरला, "वा, आरपार दिसतंय!" म्हणाले आणि गटागट प्यायले. मिशी पुसून म्हणाले, "असं पाणी घरोघरी मिळालं पाहिजे." टाळ्या पडल्या. बाप सगळ्यांच्या नंतरही टाळ्या वाजवत राहिला. तो रडत होता आणि ते लपवायचं त्याला सुचत नव्हतं.

मग मुलगा गाळणीकडे धावला. पाहुणे किती पितात ते कळावं म्हणून त्याने सकाळी खालच्या मडक्यात पाणी होतं तिथवर आतून कोळशाने रेघ ओढली होती, आणि वरचं गळणं बंद केलं होतं. त्याने झाकण काढलं. पाणी रेघेला टेकलेलं होतं. एक पेलाभरही कमी झालं नव्हतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी न वाजणाऱ्या घंटेकडे पाहत राहिलो.

गप्प बसला असता तर जूनमध्ये तो शाळेत गेला असता. बापाने डोळ्यांनी बघितलं होतं, शब्द दिला होता. पण त्याने बापाला बोलावलं, मडकं दाखवलं आणि म्हणाला, "अब्बा, माझं पानी नाय प्यायले ते." बापाने मडक्यात वाकून बघितलं. नंतर त्याने टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "चल."

गाळणीचं बक्षीस मला मिळालं. ते भिंगच होतं. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली आणि चिटणिसांनी पान खाल्लेल्या तोंडाने शाबासकी दिली. मास्तरांनी त्यानंतर आणखी काही वर्षं वर्ग चालवला म्हणे. मी पुन्हा गेलो नाही. मास्तर रस्त्यात दिसले की मी दुसऱ्या बाजूला व्हायचो, जसं काही मी त्यांच्याहून बरा होतो!

गौरी-गणपतीच्या आधी आमच्या गल्लीत कल्हईवाला आला. पिंपळाखाली भट्टी पेटली, घरोघरची भांडी बाहेर आली. आईने आमचं नैवेद्याचं मोठं पातेलं माझ्याच हाती दिलं. मी ते नेऊन ठेवलं तेव्हा बाप मान खाली घालून कथील वितळवत होता. मुलाने पातेल्यात वाळू टाकली, आत उभा राहिला आणि पिंपळाला हात टेकून फिरू लागला. चर्र, चर्र असा तो आवाज. मला निघून जाता येईना.

थोड्या वेळाने तो थांबला. "पानी देतोस?" म्हणाला.

मी घरातून तांब्या आणला. तो खाली वाकला, ओंजळ तोंडापाशी धरली. आमच्याकडे असंच पाणी द्यायचे, वरून, तांब्या लागू न देता. मी वरून धार धरली. ओंजळ भरली, पण तो प्यायला नाही. त्याने मान वर करून विचारलं, "गाळलेलं हाय का?"

मी तांब्या खाली घेतला. त्याने ओंजळ उघडली, पाणी पायांवर सोडलं आणि आमचं पातेलं पुन्हा घासायला लागला.