परबकाकांचं तपकिरी यीस्ट

परबकाका यीस्टला मोरचूद खाऊ घालायचे. मुलुंडला आमच्या चाळीमागे तांब्याचा मुलामा चढवणारा कारखाना होता, तिथे ते केमिस्ट. त्यांच्या खिडकीत बरण्यांची रांग असे. प्रत्येकीत गुळाचं पाणी, पावाच्या भट्टीतून आणलेलं यीस्ट आणि आदल्या बरणीपेक्षा चिमूटभर जास्त मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार. "एकदम दिलंस तर मरतं," ते सांगत. "हळूहळू वाढव, मग विषातही संसार थाटतं." आम्हा चाळकऱ्यांवर कारखान्याच्या मालकाने नेमका हाच प्रयोग चालवला होता. कारखान्याचं निळं पाणी नाल्यातून आमच्या विहिरीत झिरपत होतं, पोरं ओकत होती, आणि आम्ही तेच पाणी पीत होतो.

मी तेव्हा दर आठवड्याला एक पत्रक काढी. त्यांना म्हटलं, "काका, सभेत या. पाण्यात विष आहे, एवढंच बोला."

"किती आहे?"

"किती म्हणजे? विष ते विष."

"मोजल्याशिवाय मी चहात साखर आहे असंसुद्धा म्हणत नाही रे."

पुढच्या पत्रकात मी त्यांना मालकाचा भाट ठरवलं.

मग त्यांचं यीस्ट खरंच तयार झालं. पिंपातल्या निळ्या पाण्यात सोडलं की ते तांबं ओढून घेई, तपकिरी होऊन तळाशी बसे, आणि वरचं पाणी जवळजवळ स्वच्छ. मालक खूश. त्याने म्युनिसिपालटीच्या साहेबाला बोलावलं, हार मागवले, आम्हालाही बघायला उभं केलं. साहेब मंजुरीच्या कागदावर सही करणार, तोच काका म्हणाले, "साहेब, तळाचा गाळ कुठे टाकतात तेही विचारा. तांबं मरत नाही, फक्त बिऱ्हाड बदलतं."

गाळ नाल्यातच जात होता. कारखान्याला टाळं लागलं. काकांची नोकरी त्याआधीच, तिथल्या तिथे गेली.

आम्ही विजयसभा घेतली. नव्या पत्रकात मी त्यांना क्रांतिवीर केलं. माझ्याकडे माणसांसाठी दोनच शब्द होते. शाल, नारळ, हंडाभर लिंबाचं सरबत, सगळं होतं. काका आले आणि आधी हंड्यात डोकावले.

"पाणी कुठलं?"

"आपल्याच विहिरीचं," मी छाती काढून म्हणालो. "आता मोकळी झाली ना."

त्यांनी हंडा आडवा केला. सरबत पार सतरंजीखाली गेलं. बायका पदर सावरत उठल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "नोकरी गेली, डोकं फिरलं."

"आधी विहीर उपसा," भिजलेली बाही पिळत काका म्हणाले. "कारखाना हरल्याचं तिला अजून कुणी कळवलेलं नाही."