पहिल्या पानाचा कोपरा

या वर्षी माझ्या कपाटात जेवढी पुस्तकं आली तेवढी आधीच्या दहा वर्षांत आली नसतील. कारण साधं आहे, दादा गेला. आमच्या बौद्ध समाजात पुण्यानुमोदनाच्या कार्डावरच छापतात की हार-फुलं आणू नयेत, वह्या-पुस्तकं आणावीत. माणसं ते ऐकतातही. गावच्या घरी मांडवात दादाच्या फोटोपुढे पुस्तकांचा ढीग लागला. तिघांनी एकच चरित्र आणलं होतं. माझ्या कचेरीतल्या बायकांनी वर्गणी काढून पाच कादंबऱ्या आणल्या आणि मला बाजूला घेऊन बजावलं, "या तुमच्यासाठी आहेत, त्या ढिगात टाकू नका."

मी काही मोठी वाचक नाही. जेवणं आटोपली की दहा पानं, रविवारी मासे साफ करून झाले की चाळीस-पन्नास. मला गोष्ट लागते, आणि ती शेवटी मार्गाला लागलेली असावी लागते. यावर कोणी नाक मुरडलं तर खुशाल मुरडावं.

कॉलेजात असताना एका कादंबरीतली मुलगी शेवटच्या पानावर मेली आणि मी दोन दिवस जेवले नाही. त्यात परीक्षेचा एक पेपर बुडाला. दादा तेव्हा मुंबईत एका कारखान्यात स्टोअरकीपर होता, कानावर सदा पेन्सिल. त्याला हे कळलं तेव्हा तो ओरडला नाही. पुढच्या खेपेला आला तो दोन कादंबऱ्या घेऊन, दोन्ही स्वतः वाचून. एकीच्या पहिल्या पानावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'वाच'. दुसरीवर, 'नको वाचू'.

"नको वाचू तर आणलीस कशाला?" मी विचारलं.

"माझा वाचून झालाय ना, बाय. कपाटात ठेव. कधी मोठी झालीस तर बघ."

मी मोठी झाले नाही. लग्न झालं, नोकरी झाली, मुलगी पुण्याला गेली, तरी दादाच्या कोपऱ्याशिवाय मी कादंबरी उघडली नाही. मी घेतलेली पुस्तकंसुद्धा आधी त्याच्याकडे जायची. निवृत्त होऊन तो पूर्णगडच्या रस्त्यावरच्या आमच्या गावी राहायला आल्यावर तर एसटीच्या कंडक्टरलाही पुस्तकांची ती पिशवी ओळखीची झाली. तो कधीच अर्ध्यावरून शेरा मारत नसे. पुस्तक पुरतं संपल्यावरच कोपऱ्यात लिहायचा. माझ्या कपाटाचा खालचा अख्खा खण 'नको वाचू'चा आहे. दर पावसाळ्यात ती पुस्तकं पुसते, डांबराच्या गोळ्या बदलते आणि परत ठेवते.

दादाला इथे रत्नागिरीतच दवाखान्यात ठेवलं तेव्हा त्याच्या पिशवीत एक कादंबरी होती. मीच घेतलेली, मालवाहू जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची. ती खाटेजवळच्या स्टुलावर औषधांच्या बाजूला असायची. मी कचेरी सुटल्यावर जायची तेव्हा त्याचा चष्मा कायम डबीत असायचा. मी समजले, वाचन सुटलं. त्याला धाप लागायची, बोलणं होत नसे. शेवटच्या दिवशी मी दुपारी कचेरीत होते. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता आणि साहेब मीटिंगला. फोन आला. जाऊन बघते तर सगळं उरकलेलं. माझ्याशी तो काही बोलला नाही, बोलायला मी तिथे नव्हतेच.

त्यानंतरचं मला लांबून आठवतं. दाढ काढायच्या आधी सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं काहीतरी. चहा केला, माणसांना बसायला चटया दिल्या, भंतेजींच्या मागून गाथा म्हटल्या, सगळं बिनचूक. रडले नाही. जावेला वाटलं मी खंबीर आहे. पुण्यानुमोदनानंतर ढिगातली पुस्तकं गावच्या विहारातल्या वाचनालयाला द्यायची ठरली. ती मीच तांदळाच्या पोत्यांत भरली. दवाखान्यातून आणलेली दादाची पिशवी शेजारीच होती. लुंगी, स्टीलचा पेला आणि चष्मा काढून ठेवला, आणि हातात आलेलं पुस्तक पोत्यात टाकलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. पुस्तक होतं, पुस्तकांत गेलं.

मग चार महिने कचेरी, घर आणि बाजार. कचेरीतल्या बायकांनी दिलेल्या कादंबऱ्या कपाटात उभ्या होत्या. एका रविवारी धुळीसाठी एक काढली. पाठीवरचा मजकूर वाचला, धरणाखाली गेलेल्या गावाची गोष्ट. पहिलं पान उघडलं. कोपरा कोरा. असणारच कोरा, पण माझी नजर तिथे गेली आणि मला ते पोतं आठवलं. स्टुलावरच्या पुस्तकाचा कोपरा मी बघितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गावी गेले. वाचनालय म्हणजे विहाराच्या बाजूची खोली, दोन लोखंडी कपाटं आणि एक बाक. निवृत्त झालेले एक मास्तर ते बघतात, मला चौथीला शिकवलेले. त्यांनी जहाजाची कादंबरी चटकन काढून दिली. वर खाकी कागदाचं कव्हर, आत शिक्का, शिक्क्याखाली सुवाच्य अक्षरात दादाच्या स्मरणार्थ असं लिहिलेलं. वरचा उजवा कोपरा पांढरा स्वच्छ. बोट फिरवलं तर तेवढाच कागद खरखरीत लागला.

"सर, इथे काही लिहिलेलं होतं?"

"होता ना. पेन्सिलीन. मी सगळी पुस्तका खोडरबरान साफ करून घेतली गो. पोरा वाचायला नेतात. आत कोणी लिहिलेला दिसला की ती पण लिवायला लागतात."

"काय होतं लिहिलेलं?"

त्यांनी चष्मा काढला. "ता नाय आठवत. एवढी पुस्तका होती."

"एक शब्द होता की दोन?"

"आता काय सांगू तुला. महत्त्वाचा होता काय?"

नाही म्हटलं. मला रागसुद्धा आला नाही. मास्तर शाळेतही फळा असाच पुसायचे, कोपऱ्यापर्यंत. मी पान खिडकीपाशी धरलं, तिरकं करून बघितलं. काही दिसेना. पण एक गोष्ट नक्की होती. कोपऱ्यात लिहिलं होतं, म्हणजे त्याने पुस्तक पुरं केलं होतं. मी नसताना, धाप लागत असताना, डबीतला चष्मा काढून. आणि मग माझ्यासाठी काहीतरी लिहिलं होतं. 'वाच' किंवा 'नको वाचू', दोन्हीपैकी एक. मला ते हवं होतं. ते कळायला एकच वाट उरली होती, शेवट बघणं.

शेवटचं पान तिथेच उघडता आलं असतं. उघडलं नाही. दादा सगळं वाचून लिहायचा, मग मला तरी आयतं कशाला. रजिस्टरात सही केली आणि पुस्तक घरी आणलं.

बारा दिवस लागले. शेरा न बघता कादंबरी वाचायची ती कॉलेजनंतर पहिलीच वेळ. स्वयंपाकी तसा विनोदी माणूस, कप्तानाला फोडणीवरून सुनावणारा. पन्नासाव्या पानापर्यंत मी धरून चालले होते, 'वाच'च असणार. मग जहाज एका परक्या बंदरात अडकलं, घरची पत्रं यायची थांबली, आणि मी 'नको वाचू'वर आले. पुढे जहाज सुटलं तेव्हा परत 'वाच'. कचेरीत फायली चाळताना माझ्या डोक्यात हेच चालायचं. कित्येक महिन्यांत एखाद्या गोष्टीचं पुढे काय होणार याची मला पर्वा वाटली नव्हती, ती वाटू लागली. पुस्तकात मधेच एका पानावर औषधाचा तांबडा डाग होता. तिथे मी थोडी थांबले.

शनिवारी दुपारी शेवटची पानं आली. स्वयंपाकी गावी पोचतो. मुलीसाठी घेतलेली छत्री त्याच्या हातात असते. घराला कुलूप असतं. शेजारीण सांगते की ती माणसं दोन वर्षांमागेच गाव सोडून गेली, कुठे गेली ते कोणालाच ठाऊक नाही. तो ओट्यावर बसतो आणि छत्री उघडून बघतो, नीट उघडते का. पुस्तक संपतं.

"कळलं," मी मोठ्याने म्हणाले. घरात कोणी नव्हतं.

नको वाचू. दुसरं काही असूच शकत नव्हतं. असल्या शेवटाला दादाने एवढ्या वर्षांत एकदाही 'वाच' म्हटलं नव्हतं. त्याने हे शेवटचं पान त्या खाटेवर पडून वाचलं, आणि मग आपली धाकटी बहीण दोन दिवस जेवणार नाही म्हणून पेन्सिल मागवली. कोणाकडून मागवली असेल? नर्सकडून? मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडले. चार महिन्यांचं सगळं आलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि भात खाली लागला.

संध्याकाळी पेन्सिल घेतली, त्या खरखरीत जागेवर जेमतेम मावतील असे दोन शब्द लिहिले आणि सोमवारी पुस्तक परत द्यायला गावी गेले. मास्तरांनी सवयीने पहिलं पान उघडलं आणि टेबलाच्या खणात हात घातला.

"सर," मी म्हटलं, "एवढं खोडू नका."