एकदाच विचारणारी विहीण

माझं फ्रेंच कल्याणच्या एका क्लासात, दोन वर्षं दर शनिवारी, इंग्रजीच्या पाठकुळी बसून आलेलं आहे. पुस्तकात डावीकडे रोजच्या वापरातलं इंग्रजी वाक्य, उजवीकडे त्याचं फ्रेंच, आणि दोघांच्या मधल्या फटीत माझं पेन्सिलीतलं मराठी. शहापूरच्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवते तिथे त्याचा काडीचा उपयोग नव्हता. सापगावला घरी नवरा पाहुण्यांसमोर म्हणायचा, "जरा फ्रेंच बोलून दाखव." मी फ्रेंचमध्ये "पाणी द्या" म्हटलं की सगळे टाळ्या वाजवायचे. पाणी मात्र मलाच उठून आणावं लागायचं.

मग धसईच्या मावशीची एकुलती एक लेक नोकरीसाठी फ्रान्सला गेली, तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न केलं, आणि माझा भाव वधारला. मावशीला विहीण मिळाली ती फ्रेंच. बाई शिस्तीची, गोड हसणारी, पण इंग्रजीच्या नावानं शंख. आता विहिणी-विहिणींचं बोलणं लेकीनं मधे बसून करून द्यायचं, हे काही मावशीला पटेना. "तिच्याच तोंडून तिच्या सासूचं कवतिक करू? बरं दिसतं का?" म्हणून दर रविवारी दुपारी मी स्कूटी काढून धसईला. मावशीच्या मागल्या पडवीत, म्हशीच्या गोठ्याला लागून, तेवढ्या एका कोपऱ्यात नेट येतं. तिथे तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवायचा, अलीकडे मावशी, पलीकडे विहीण, आणि मधे मी.

मावशीचा ठाम समज होता की निम्मं काम तीच करून देते.

"तिला सांग, टेन्शन घेऊ नका, काय असंल ते आमी अॅडजस्ट करू."

मी 'अॅडजस्ट'पाशीच अडकले.

"अगो, थांबलीस का? टेन्शन इंग्लिश, अॅडजस्ट इंग्लिश. मधलं तेवढं तुला घालायचंय. तेबी येत नाय?"

आता काय सांगू, कप्पाळ! फ्रेंच माणूस 'अॅडजस्ट' करतो तो पट्टा नाहीतर खुर्ची. तिघांच्या बाकड्यावर चौथीला बसवून घेणं, पाहुणा आला की आमटीत तांब्याभर पाणी वाढवणं, नणंदेचा तिरसटपणा वीस वर्षं ऐकून घेणं, हे सगळं एका शब्दात कोंबायचं कसब त्यांच्याकडे नाही. मी आपलं "सगळं नीट होईल" असं काहीतरी म्हटलं आणि 'टेन्शन' तसंच ठेवून दिलं. त्यांच्याकडे टेन्शन म्हणजे ब्लडप्रेशर. विहीणबाईंनी लगेच मावशीला मीठ कमी करायला सांगितलं.

"बघ, किती जीव लावते," मावशी म्हणाली, आणि आठवडाभर लोणचं बंद.

वाक्प्रचारांची हौस तर मला भारीच. एकदा मावशीचा घसा बसला होता. अशा वेळी इंग्रजाच्या घशात बेडूक असतो आणि फ्रेंचाच्या घशात मांजर, हे पुस्तकात पाठ केलेलं. म्हटलं, हीच संधी! ऐटीत सांगून टाकलं आणि वर मावशीलाही समजावून दिलं. मावशीनं कपाळावर हात मारला. "मेले, मांजर काय सांगतेस? ती म्हनंल, या घरात झाकनं पन नाय ठेवत का?"

असं आमचं बरं चाललं होतं. मग लेकीला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण पोरीची तब्येत जरा नाजूक, तिथल्या डॉक्टरनं विमान बंद केलं. तारीख पौषातल्या, म्हसा गावच्या जत्रेच्या सुमाराची. म्हणजे जायचं तर मावशीनंच. आणि तिला जायचं होतंच. तिच्या स्वतःच्या बाळंतपणाच्या आधीच तिची आई गेली होती. "माज्या उशाशी कोनी नव्हतं गो," हे ती मला एरवी कधी बोलली नव्हती. "हिच्या उशाशी मी असनार." ठाण्याला जाऊन पासपोर्ट करून आणला, त्यात डोळे वटारलेला फोटो. डिंक आणला. आता अडत होतं ते एकाच गोष्टीपाशी. लेक राहते सासूच्याच घरात, वरच्या मजल्यावर. व्हिसासाठी त्या घरचं पत्र लागतं. आणि पत्राचं सोडा, विहिणीनं मानानं बोलावल्याशिवाय लेकीच्या सासरी पाऊल टाकेल ती मावशी कसली!

भातकापणी सुरू झाली त्या रविवारी विहीणबाईंनी विषय काढला. केस नीट विंचरलेले, गळ्यात मोत्यांची माळ. म्हणाल्या, "तुम्ही बाळंतपणाला आमच्या घरी याल का? मला फार आनंद होईल."

मी मावशीला सांगितलं. तिचा चेहरा असा काही फुलला! आणि ती म्हणाली, "नको गो, कशाला त्यांना तरास. म्हैस हाय, भात कापायचाय."

इथे एक सांगितलं पाहिजे. आमच्याकडे पहिल्या आग्रहाला 'नको' म्हणायचं असतं. दुसऱ्याला 'नको हो, आत्ताच झालं'. तिसऱ्याला 'बरं, अर्धा कप'. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस हावरट. मावशी तर याबाबतीत इतकी कडक की, मुरबाडच्या स्टँडवर कंडक्टर "चला मावशी, बसा" म्हणाला तरी एकदा "नको" म्हणते आणि मग गाडीमागे धावते. हे सगळं मला जन्मापासून माहीत. पण 'नको'चं फ्रेंच मला पक्कं येत होतं ना! पुस्तकाच्या पहिल्याच पानावर होतं. डावीकडे 'नो, थँक यू', उजवीकडे 'नों, मेर्सी'. अडखळत बोलणाऱ्या माणसाला एखादं वाक्य पक्कं आलं की ते म्हटल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं. वर म्हैस आणि भातही सांगितलं. उच्चार काय सुरेख झाला होता.

विहीणबाईंनी गळ्यातली माळ सारखी केली. "समजलं," म्हणाल्या. मग तिकडच्या थंडीबद्दल दोन वाक्यं, आणि फोन बंद.

मावशी मोबाइलकडे बघत बसून राहिली. "परत इचारलं नाय?"

"नाही."

"मंग मनातच नव्हतं तिच्या," ती म्हणाली, आणि उठून म्हशीला पेंढा टाकायला गेली. पुढच्या रविवारी डोकं दुखतंय म्हणून तिनं फोनच लावू दिला नाही.

आठ-दहा दिवसांनी लेकीचा मला फोन. "ताई, आईला माझ्यापेक्षा म्हैस मोठी?"

"अगं, पहिल्यांदा नको म्हणाली ती! तुला आई माहीत नाही?"

ती रडत म्हणाली, "मला इथं येऊन पाच वर्षं झाली गं. सासूबाई म्हणाल्या, तुझी आई नाही म्हणाली. मला खरंच वाटलं."

मला माझीच इतकी चीड आली की काय सांगू. इतके महिने चुकीचं बोलत होते तोवर दोघी सुखात होत्या. एक वाक्य बिनचूक केलं आणि मायलेकींची ताटातूट करून बसले. त्याच संध्याकाळी धसई गाठली आणि मावशीला फैलावर घेतलं. "तिकडे एकदाच विचारतात. एकदाच! पहिल्या खेपेला हो म्हटलं नाहीस तर बस जा जत्रेत फुगे फोडत." मावशीनं आठवडाभर 'वी' घोकलं. 'वी' म्हणजे हो. भाजी निवडताना वी, म्हशीची धार काढताना वी.

माझ्या मावसबहिणीनंही तिकडे सासूला फैलावर घेतलं होतं, हे मला कुठे ठाऊक! तिनं सांगितलं होतं: माझ्या आईला तीनदा विचारायचं. तीनदा विचारल्याशिवाय ते खरं नसतं.

रविवार उजाडला. पुन्हा मोत्यांची माळ. या खेपेला हातात एक कागद. विहीणबाईंनी घसा खाकरून विचारलं, "तुम्ही आमच्याकडे याल का?"

"वी!" मी तोंड उघडायच्या आत मावशी.

विहीणबाई दचकल्या. कागदाकडे बघितलं आणि परत विचारलं, "याल ना?"

मावशी माझ्याकडे वळली. "अगो, हो म्हटलं ना? मंग परत काय इचारते? मी येऊ नये असं तर नाय तिच्या मनात?"

"तू हो म्हण!"

"वी," मावशी संशयानं म्हणाली.

विहीणबाईंनी कागद खाली ठेवला, छातीवर हात ठेवला, आणि तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी आवाज कापत होता.

मावशीनं मोबाइल दोन्ही हातांनी उचलला. "वी, वी, वी! येते गो माजे बाय, येते! किती इचारशील!" पलीकडे ती बाई रडायला लागली, अलीकडे ही. मी भाषांतर करायला गेले तर मावशीनं मला हातानंच गप्प केलं.

पत्र आलं, व्हिसा झाला. म्हैस शेजारणीच्या गळ्यात घालून मावशी डिंकाच्या लाडवांसकट गेली. म्हशाच्या जत्रेत यंदा मी एकटीच फिरत होते तेव्हा तिचा व्हॉइस मेसेज आला. पाळण्यांच्या गोंगाटात काही कळेना, म्हणून गुरांच्या बाजाराकडे जाऊन कानाला लावला.

"मुलगी झाली गो. नर्सबाईनं दुपट्यात गुंडाळून आनली. आमी दोघी उभ्या. माज्याकडं बघून तिनं काय तरी इचारलं. सवयीनं तोंडात आलं व्हतं, नको, आधी विहीनबाईंकडं द्या." मग जरा वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज. "पन तू म्हनली व्हतीस ना, एकदाच इचारतात. घेतली गो मी. पयली मीच घेतली."