लांब हातांची खुर्ची

ताई पुण्याला जाणार हे मला तिच्या तोंडून कळलं नाही, भाच्याच्या फोनवरून कळलं. "मामा, उन्हाळा संपायच्या आत आईला घेऊन जातो. आता कायमचंच," तो म्हणाला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि सकाळी पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घातलं. वीज खात्यातून रिटायर झाल्यापासून तसंही मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, तुमच्या पायाले भिंगरी आहे. त्या दिवशी कुंड्यांतून पाणी ओसंडून वऱ्हांडाभर झालं, तरी मी नळ बंद केला नव्हता.

आमची माय लवकर गेली. मला वाढवलं ते ताईनं. शाळेचा डबा तिनं दिला, पाढे चुकले की धपाटे तिनं घातले, आणि माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा प्रश्नही तिनंच विचारले. सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. आयुष्य उभ्यानं गेलं, म्हणून आता संध्याकाळ झाली की तिचे पाय चपलेत मावत नाहीत. भाऊजी गेल्यावर ती रिंगरोडपलीकडच्या घरात एकटी राहायची आणि मी दिवसाआड काहीतरी निमित्त काढून तिच्याकडे जायचो. ती पुण्याला गेली तर मी जायचं कुणाकडे, हा माझा खरा प्रश्न होता. तो कुणाला विचारायची सोय नव्हती.

मग मला ती खुर्ची आठवली. बाबा नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते आणि आम्ही मागच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बंगल्याच्या वऱ्हांड्यात इंग्रजांच्या वेळची एक आरामखुर्ची होती. सागवानी, वेताच्या जाळीची, पाठ मागे कललेली. तिचे हात इतके लांब की साहेब त्यांच्यावर दोन्ही पाय पसरून पेपर वाचायचे. त्या खुर्चीत बसू नका असं आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, कुणापुढे वाकायचं नाही असं आम्हाला शिकवलं, पण त्या खुर्चीजवळून जाताना तेही जरा अंग चोरूनच जात. ताई एकदा पेरूच्या झाडावरून म्हणाली होती, "मोठी झाली का मी अशीच खुर्ची घेईन, अन् पाय वर करून बसन." नंतर ती मोठी झाली, नोकरीला लागली, आणि पाय वर करून बसलेली मला कधी दिसली नाही.

ही खुर्ची मी स्वतःच्या हातानं करायची ठरवली. सगळ्यांना सांगितलं, ताईसाठी करतोय. ते खोटं नव्हतं. पण एवढं धूड कुठल्याही फ्लॅटच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि भावानं केलेली वस्तू टाकून जायला ताईचं मन होणार नाही, हा हिशेबही माझ्या मनात होता. खुर्चीच्या नावाखाली मी खुंटाच ठोकत होतो.

लकडगंजमधून जुन्या घराच्या तुळयांचा साग आणला. सुतारकाम मला थोडंफार येतं, म्हणजे घरातले पाट, फळ्या, एक डुगडुगणारं स्टूल. तेवढ्या जोरावर बाबा आदमच्या जमान्यातली खुर्ची करायला निघालो. खिळा एकही मारायचा नाही, जुनी माणसं करायची तसं खाचेत दांडा बसवायचा, अशी माझी अट. एप्रिल महिना होता. अंगणात काम करणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं, म्हणून सगळं सामान बाहेरच्या खोलीत कूलरसमोर मांडलं. खोलीभर भुसा. वासे रंध्यानं साफ करायचो, पटाशीनं खाचा पाडायचो, मध्येच उठून फाटकापर्यंत जाऊन यायचो. रोज नवी शंका. हात वेडेवाकडे होतील का? वेताची जाळी झोळ धरेल का? भाचा आधीच येऊन तिला घेऊन गेला तर?

"ही खुर्ची होयेपर्यंत मी कुठी बसू, तेवढं सांगा," बायको म्हणाली. मी म्हटलं, "सध्या उभी राहा." त्या दिवशी दोन्ही वेळा वांग्याचीच भाजी मिळाली.

पण खुर्ची झाली, आणि सुंदर झाली. दांडे खाचेत असे गच्च बसले की ठोकणीचे घाव घालून घालून माझा हात भरून आला. ताईला घरी बोलावलं. तिनं खुर्चीभोवती चक्कर मारली, पदर सावरला, बसली. एक पाय उचलून हातावर ठेवला, मग दुसरा. डोळे मिटून घेतले. मला राहवेना.

"मोठी झाली जरा," मी म्हटलं. "पुण्याच्या लिफ्टमधी काही मावत नाही आता."

"हो," ती डोळे न उघडता म्हणाली.

टेम्पोत घालून खुर्ची तिच्या घरी पोचवली. आठवडाभर मी हवेत होतो. मग तिचा फोन आला. "तुही खुर्ची बोलून राहिली गा. हाललं का कुरकुर करते."

जाऊन पाहिलं तर सगळे सांधे खिळखिळे. कपाळावर हात मारून घेतला. कूलरच्या खोलीतला दरवाजा उन्हाळ्यात फुगून अडकतो आणि पलीकडच्या खोलीतला वाळून सैल होतो, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी महिनाभर लाकूड कूलरच्या ओलसर हवेत ठेवलं, तिथंच मापं घेतली, तिथंच सांधे जुळवले. ताईला गार हवेनं सांधे धरतात, म्हणून तिच्याकडे कूलर नाही. त्या कोरड्या घरात लाकूड आकसलं आणि माझी सगळी कारागिरी उघडी पडली.

दांड्यांची टोकं पायांतून आरपार बाहेर काढलेली होती, शेवटी छाटायची म्हणून राहिली होती. त्या टोकांना भोकं पाडून मी लाकडी पाचरी ठोकल्या. खुर्ची पुन्हा घट्ट उभी राहिली. "हे तात्पुरतं," मी म्हटलं. "उद्या येतो, पाचरी काढून गोंद भरतो. मंग जन्मात हालणार नाही." दाखवायला म्हणून एक पाचर उलटी ठोकली. ती निघाली आणि लांब हात अलगद माझ्या हातात आला.

ताई पुढे वाकून पाहत होती. "म्हंजे ही खोलता येते?"

मी तो हात पुन्हा खाचेत बसवू लागलो.

"मंग गोंद लावू नको. अशीच राहू दे."

"काहून?"

"पुण्याले न्यायची आहे."

माझं डोकं सणकलं. "मी ही तू न्यावी म्हून नाही बनवली, ताई," मी म्हटलं.

"मालूम आहे मले. लिफ्टचं बोलला तवाच समजली." ती शांतपणे म्हणाली. रोग्याला इंजेक्शन द्यायच्या आधी तिचा आवाज असाच होत असावा. "हिवाळ्यात बाथरूममधी पडली होती मी. दुपार होयेपर्यंत तशीच पडून होती. मंग भिंत धरू धरू उठली. तुले सांगितलं असतं तं तू तुहं बिस्तर घेऊन इथं आला असता, अन् तुही बायको तिथं एकटी."

मी पाचर हातात फिरवत बसलो. त्या हिवाळ्यात मी दिवसाआड तिच्याकडे जात होतो, चहा पीत होतो, पेपरातल्या बातम्या वाचून दाखवत होतो. तिनं एका शब्दानं सांगितलं नाही आणि मला काही दिसलं नाही. मला तिचा राग आला, आणि रडूही आलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मला रडू दिलं.

जूनच्या सुरुवातीला वाडीच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा ट्रक आला. माणसांनी खुर्चीचे सुटे भाग गोणपाटात बांधले. पाचरी मी रुमालात गुंडाळून ताईला दिल्या. तिनं रुमाल परत माझ्या खिशात घातला. "तुह्यापाशी ठेव. तिथं कोण ठोकन?" म्हणाली, आणि भाच्याच्या गाडीत बसली.

पुण्याला जायचं मी मुद्दाम काही दिवस लांबवलं. चौकशी करत फोन करायचो, खुर्चीचा विषय टाळायचो. पण मन थाऱ्यावर नव्हतं. ती रोज एकच सांगायची: तुकडे दाराआड उभे आहेत, सून विचारून राहिली, मी म्हटलं भाऊ येणार आहे. शेवटी तिकीट काढलं. रंधा आणि पटाशी पिशवीत भरताना बायकोनं पाहिलं आणि पिशवीवर वरून एक टॉवेल घातला.

निघायच्या आदल्या दिवशी ताईला फोन केला. म्हटलं, "एक सांगून ठेवतो. पुण्याले पाऊस लागला, लाकूड फुगलं असन. पाचरी तासून बसवा लागतीन. अन् हिवाळ्यात हवा कोरडी झाली का त्या पुन्हा ढिल्या पडतीन. मंग मले पुन्हा या लागन. दरवर्षीचंच झालं हे."

"मालूम आहे," ताई म्हणाली. "म्हून तं गोंद नको म्हटलं तुले."